लोकवर्गणीचा संघ

हिरोशिमा कार्प या जपानी बेसबॉल संघाचा वर्षवार तक्ता समोर ठेवला तर पहिली पंचवीस वर्षं बघवत नाहीत. १९५० साली आठ संघांत आठवा, १९५१ साली सात संघांत सातवा, १९५२ साली सहावा. पुढे चौथा-पाचवा, अधूनमधून पुन्हा तळ. ‘पहिला’ हा शब्द यायला सव्विसावी ओळ उजाडते. आजवरच्या पाऊणशे हंगामांत या संघानं आपल्या लीगचं विजेतेपद नऊ वेळा मिळवलं आणि संपूर्ण जपानचं अजिंक्यपद तीन वेळा. टोकियोच्या योमिउरी जायंट्स संघानं १९६५ ते १९७३ अशी सलग नऊ वर्षं देशाचं अजिंक्यपद स्वतःकडे ठेवलं होतं. त्यांच्या शेजारी हे आकडे अगदीच किरकोळ वाटतात. तरीही जपानी बेसबॉलच्या इतिहासातल्या एकाच संघाची कहाणी सांगायची, तर मी कार्पची सांगेन, आणि तीही पराभवाच्या वर्षांपासून.

तक्ता वाचायला उपयोगी पडतील अशा दोन-तीन गोष्टी आधी सांगतो. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात आणि तीन जण बाद झाले की डाव संपतो. पिचरनं फेकलेला चेंडू मारून बॅटर पळतो. पहिला, दुसरा, तिसरा बेस गाठून तो जिथून निघाला त्या ‘होम’वर परत आला की एक धाव. जपानमध्ये हंगाम वसंतात सुरू होतो आणि शरद ऋतूपर्यंत जवळजवळ रोज सामना असतो. आता एका हंगामात १४३ सामने होतात. इतक्या सामन्यांत अव्वल संघही पन्नासेक वेळा हरतोच, त्यामुळे इथे एका सामन्याला फार किंमत नसते, किंमत असते ती सातत्याला. देशात सेंट्रल आणि पॅसिफिक अशा दोन लीग आहेत. दोन्हींतले संघ शेवटी जपान सिरीजमध्ये भिडतात आणि चार सामने आधी जिंकणारा अजिंक्य ठरतो. प्रत्येक लीगमध्ये सध्या सहा संघ आहेत. पहिल्या तिघांना ‘ए वर्ग’ म्हणतात, खालच्या तिघांना ‘बी वर्ग’. कार्पच्या चाहत्यांच्या कित्येक पिढ्यांनी आपलं आयुष्य बी वर्गात काढलं आहे.

दोन लीगची ही रचना १९५० साली सुरू झाली, आणि संघ वाढवायचे म्हणून नव्या शहरांना दारं उघडली गेली. तेव्हा जवळपास प्रत्येक संघामागे एखादी कंपनी उभी असे. जायंट्समागे योमिउरी वृत्तपत्र, ओसाकाकडच्या टायगर्समागे हानशिन रेल्वे, रॉबिन्समागे शोचिकु ही सिनेकंपनी आणि व्हेल्समागे ताइयो ही मासेमारी कंपनी होती. हिरोशिमामागे कुणीच नव्हतं. ६ ऑगस्ट १९४५च्या अणुबॉम्बनं त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं नेली होती. शहराचा मध्यभाग अजून पुरता उभा राहिला नव्हता. अशा गावात पोटापाण्याचे प्रश्न सुटलेले नसताना व्यावसायिक क्रीडासंघ काढणं हा वेडेपणाच होता. पण हा प्रांत युद्धाआधीपासून बेसबॉलचा. इथल्या शाळांचे संघ देशभर गाजलेले. प्रांत सरकार, नगरपालिका आणि नागरिक यांच्या पैशांवर संघ उभा राहिला. हिरोशिमाच्या किल्ल्याला ‘कार्पचा किल्ला’, म्हणजे कार्प माशाचा किल्ला, म्हणत; त्यावरून संघाला नाव मिळालं. प्रशिक्षक म्हणून आले इशिमोतो शूइची. ते हिरोशिमाचेच होते आणि युद्धापूर्वी त्यांनी ओसाका टायगर्सना दोनदा विजेतेपद मिळवून दिलं होतं. त्यांच्याकडे आता नवखी पोरं होती आणि दुसऱ्या संघांनी सोडून दिलेले खेळाडू.

पहिल्या हंगामात ४१ विजय, ९६ पराभव आणि एक सामना बरोबरीत. विजेत्या रॉबिन्सपासून हा संघ ५९ सामन्यांनी मागे पडला. पण खरी आणीबाणी मैदानाबाहेर होती. लीगची प्रवेश फी भरलेली नव्हती, खेळाडूंचे पगार थकत होते. मार्च १९५१मध्ये संघ ताइयो व्हेल्समध्ये विलीन करून टाकायचं जवळपास ठरलं होतं. इशिमोतोंनी ते होऊ दिलं नाही. त्यांनी गावोगावी, कारखान्या-कारखान्यांत फिरून सभा घेतल्या, हिशेब मांडले आणि चाहत्यांची मंडळं उभी केली. मैदानाच्या दाराशी साकेची मोठी लाकडी पिंपं ठेवली गेली. येणारा माणूस तिकीट काढायचा आणि खिशात उरलेली चिल्लर पिंपात टाकायचा. जपानी भाषेत याला ‘तारु बोकिन’ म्हणतात. हिरोशिमात आजही लहान मुलांना ही गोष्ट सांगतात. ज्यांच्या घरावर धड छप्पर नव्हतं अशा लोकांनी दुसऱ्यांच्या पगारासाठी पैसे दिले होते. गणेशोत्सवाची वर्गणी काढत फिरलेल्या कुणालाही या पिंपाचं मोल समजावून सांगावं लागणार नाही. त्या वर्षी संघ ३२ सामने जिंकला, ६४ हरला आणि पुन्हा शेवटचा आला. पण टिकला.

१९५२चा सहावा क्रमांक वरवर पाहता अगदी दुर्लक्ष करण्याजोगा आहे. माझ्या मते मात्र या संघाच्या इतिहासातला तो सर्वांत मोलाचा हंगाम. लीगमध्ये सात संघ झाले होते. विषम संख्येमुळे वेळापत्रक बसत नव्हतं. म्हणून ज्या संघाच्या विजयांचं प्रमाण तीस टक्क्यांखाली जाईल त्यानं बाहेर पडायचं, असं मालकांनी हंगामाआधी ठरवलं. हा नियम कुणावर येऊन पडणार हे सगळे जाणून होते. कार्पनं ३७ सामने जिंकले आणि ८० गमावले. विजयांचं प्रमाण ३१.६ टक्के. गळा कापला गेला तो दोन वर्षांपूर्वीच्या विजेत्या शोचिकु रॉबिन्सचा. ते २८.८ टक्क्यांवर अडकले आणि मग ताइयोमध्ये विलीन झाले. कार्पचे दोन-तीन सामने इकडचे तिकडे झाले असते, तर या प्रकरणात लिहायला पुढचं काही उरलंच नसतं.

या वर्षांत संघाचं ओझं वाहिलं हासेगावा र्‍योहेइ या पिचरनं. हा जेमतेम १६७ सेंटिमीटर उंचीचा माणूस दुबळ्या संघासाठी वर्षानुवर्षं चेंडू फेकत राहिला. १९५५ साली त्यानं एकट्यानं ३० सामने जिंकून दिले. त्याची कारकीर्द १९७ विजय आणि २०८ पराभवांवर संपली. बलाढ्य संघात असता तर यातले कितीतरी पराभव त्याच्या नावावर लागलेच नसते. त्याच दशकात मदतीला आले ते समुद्रापारचे नातलग. हिरोशिमा प्रांतातून हजारो कुटुंबं हवाई आणि कॅलिफोर्नियात गेली होती. त्यांतलेच एक झेनिमुरा केनिची. युद्धकाळात अमेरिकेनं जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा अॅरिझोनाच्या हिला रिव्हर छावणीत त्यांनी वाळवंटात बेसबॉलचं मैदान तयार केलं होतं. त्यांची दोन मुलं कॅलिफोर्नियातून येऊन कार्पकडून खेळली. फिबर हिरायामा हाही कॅलिफोर्नियाचाच. तो तर १९६४पर्यंत इथेच राहिला आणि हिरोशिमाचा लाडका झाला.

१९५७च्या जुलैत संघाला शहराच्या मध्यावर घर मिळालं. स्थानिक उद्योगांनी पैसे घातले आणि नगरपालिकेचं नवं स्टेडियम उभं राहिलं. रात्री सामने खेळवता येतील असे दिवे तिथे होते. अणुबॉम्बनंतर नुसता सांगाडा उरलेली घुमटाची इमारत रस्त्यापलीकडेच होती. पुढची एक्कावन्न वर्षं हिरोशिमाचे लोक त्या घुमटाजवळ ट्राममधून उतरून आपल्या संघाला ओरडून साथ द्यायला जात राहिले. १९५८ नंतर ६ ऑगस्टला मात्र या शहरात कार्पचा सामना होत नसे. हा खंड २०११ साली, नव्या मैदानावर संपला.

साठच्या दशकावर फार रेंगाळण्याचं कारण नाही. १९६० साली ६२ विजय आणि ६१ पराभव, म्हणजे पहिल्यांदाच हार कमी आणि जीत जास्त. १९६८ साली दोन गोष्टी घडल्या. तोयो कोग्यो, म्हणजे आजची माझदा, ही स्थानिक मोटार कंपनी मुख्य भागधारक झाली आणि मात्सुदा घराण्याकडे संघाची सूत्रं आली. संघाचं नाव ‘हिरोशिमा तोयो कार्प’ झालं, तरी लोक आपलं ‘कार्प’च म्हणत राहिले. आणि नेमोतो रिकुओ या प्रशिक्षकाच्या हाताखाली संघ तिसरा आला. ए वर्गाचं तोंड तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सोतोकोबा योशिरो या पिचरनं त्याच सप्टेंबरात एकाही प्रतिस्पर्ध्याला पहिल्या बेसवर पोहोचू न देता संपूर्ण सामना टाकला. बेसबॉलमधली ही अत्यंत दुर्मीळ कामगिरी. नेमोतोंच्या काळात दोन तरुण तयार होत होते: हिरोशिमाचाच यामामोतो कोजी आणि क्योतोचा किनुगासा साचिओ. पण निकाल लगेच मिळाला नाही. १९७२, १९७३, १९७४ अशी तीन वर्षं संघ सलग शेवटचा आला.

त्यानंतर १९७५.

प्रशिक्षक म्हणून जो लुट्झ हा अमेरिकन माणूस नेमला गेला. आल्याआल्या त्यानं गडद निळ्या टोप्या काढून लाल केल्या. लाल हा लढण्याचा रंग, असं त्याचं म्हणणं. तेव्हाच्या जपानमध्ये पुरुष लाल टोपी घालत नसत. खेळाडू ओशाळले. लुट्झनं किनुगासाला पहिल्या बेसवरून तिसऱ्यावर हलवलं आणि पहिल्या बेसवर गेल हॉपकिन्स या अमेरिकन खेळाडूला उभं केलं. आणि एप्रिल संपण्याआधीच लुट्झ गेला. कोशिएनच्या मैदानावर पंचांशी त्याचा वाद झाला, त्याला बाहेर काढलं गेलं, तरी तो होमवरून हलेना. तेव्हा संघाच्या व्यवस्थापनानं मध्ये पडून त्याला जायला सांगितलं. मैदानावरचा अधिकार आपला, त्यात वरून हात घातला गेला, तर आपण राहणार नाही, असं म्हणून त्यानं राजीनामा दिला. पंधरा सामन्यांचा हा पाहुणा. पण जे मुख्य काम होतं ते त्यानं करून टाकलं होतं: हरण्याची सवय झालेल्या मुलांना त्यानं ‘तुम्ही जिंकू शकता’ असं गंभीरपणे सांगितलं होतं.

सूत्रं कोबा ताकेशी यांच्याकडे आली. ते स्वतः कार्पचेच जुने खेळाडू, वय चाळिशीच्याही आत. जुलैतल्या ऑल-स्टार सामन्यात यामामोतो आणि किनुगासा या दोघांनी प्रत्येकी दोन होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर जाणारे फटके, मारले आणि लाल हेल्मेट देशभर दिसू लागलं. १५ ऑक्टोबरला टोकियोच्या कोराकुएन मैदानावर, जायंट्सच्याच घरात, हॉपकिन्सनं तीन धावांचा होमरन मारला. ४-० असा सामना जिंकून कार्प लीगचे विजेते झाले. ७२ विजय, ४७ पराभव, ११ बरोबरी. जायंट्स त्या वर्षी त्यांच्या इतिहासात प्रथमच शेवटचे आले. हॉपकिन्स नंतर अमेरिकेत अस्थिरोगतज्ज्ञ झाला.

पाच दिवसांनी हिरोशिमाच्या शांतता मार्गावरून मिरवणूक निघाली. सुमारे तीन लाख लोक रस्त्यावर होते. त्यांतल्या कित्येकांच्या हातात गेलेल्या माणसांच्या तसबिरी होत्या. पिंपात नाणं टाकून गेलेल्या बापाला, बॉम्बमध्ये गेलेल्या भावाला ही मिरवणूक दिसावी म्हणून त्या तसबिरी उंच धरलेल्या होत्या. आपल्याला हिरोशिमा एका तारखेनं माहीत असतं. त्या शहराच्या म्हाताऱ्या माणसांना मात्र ही दुसरी तारीखही तितकीच पाठ असते. जपान सिरीजमध्ये हानक्यु ब्रेव्ह्जनी कार्पना एकही सामना जिंकू दिला नाही, चार हरले, दोन बरोबरीत सुटले. ही ओळ मी केवळ तक्ता पुरा करण्यासाठी लिहितो.

पुढचं दशक सोन्याचं. १९७९ साली कार्प पुन्हा लीग जिंकले आणि किंतेत्सु बफलोज संघाविरुद्धची जपान सिरीज सातव्या, निर्णायक सामन्यापर्यंत गेली. ४ नोव्हेंबर, ओसाका. शेवटचा, नववा डाव. कार्प ४-३ असे एका धावेनं पुढे. चेंडू डावखुऱ्या एनात्सु युताकाच्या हातात. हानशिनकडे असताना १९६८च्या एका हंगामात ४०१ बॅटर बाद करणारा हा पिचर आता उतारवयात फक्त शेवटच्या काही डावांपुरता येत असे. अजिंक्यपद त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पाहता पाहता तिन्ही बेसवर किंतेत्सुचे खेळाडू उभे राहिले आणि बाद कुणीच नाही. एक धाव आली तर बरोबरी, दोन आल्या तर सगळं संपलं.

तेवढ्यात एनात्सुच्या नजरेला पडलं की कडेला दुसरे पिचर हात मोकळे करताहेत. आपल्यावर भरवसा नाही, या विचारानं तो आतून पेटला. ते ओळखलं किनुगासानं. तो पहिल्या बेसवरून चालत त्याच्याजवळ गेला. तुला काढलं तर मीही हा खेळ सोडीन, अशा अर्थाचं काहीतरी बोलला आणि परतला. एनात्सु शांत झाला. सासाकी क्योसुके, आदल्या वर्षी पॅसिफिक लीगमध्ये सर्वोत्तम सरासरी राखलेला बॅटर, चेंडू हुकवून बाद झाला. मग आला इशिवाता. किंतेत्सुनं डाव टाकला: बॅटरनं चेंडू नुसता बॅटनं अडवून हळूच पुढ्यात टाकायचा आणि त्याच क्षणी तिसऱ्या बेसवरच्यानं होमकडे धूम ठोकायची. एनात्सुचा हात वर जात असताना तिसऱ्या बेसवरचा फुजिसे सुटला. कॅचर मिझुनुमा उठून बाजूला सरकला आणि एनात्सुनं त्याच फेकीत, ‘कर्व्ह’ या वळणाऱ्या चेंडूच्याच पकडीनं, चेंडू बॅटच्या आवाक्याबाहेर नेला. इशिवाताची बॅट हवेत फिरली. फुजिसे अर्ध्या वाटेत पकडला गेला. दोन बाद. थोड्याच वेळात इशिवाताही गेला. त्या डावात एनात्सुनं एकवीस चेंडू टाकले होते. पुढच्या वर्षी यामागिवा जुंजी या लेखकानं त्या एकवीस चेंडूंवर, एकेका चेंडूगणिक, लेख लिहिला. जपानी क्रीडालेखनात तो आजही मैलाचा दगड मानतात. आपल्याकडे एखाद्या षटकावर कुणी असं लिहावं, असं मला फार वाटतं.

१९८० साली पुन्हा किंतेत्सु, पुन्हा सात सामने, पुन्हा कार्प. १९८४ साली हानक्युला हरवून तिसरं अजिंक्यपद. १९८६ साली लीग जिंकली, पण जपान सिरीजमध्ये एक बरोबरी आणि तीन विजयांनंतर सेइबु लायन्सकडून सलग चार सामने गमावले. यामामोतो त्या वर्षी निवृत्त झाला.

किनुगासावर थोडं थांबायला हवं. त्याचे वडील युद्धानंतर जपानमध्ये आलेले कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक होते. अशा मुलाला त्या काळच्या जपानमध्ये काय काय सोसावं लागलं असेल, याची कल्पना करता येते. ऑक्टोबर १९७०पासून तो एकही सामना न चुकवता खेळत होता. १ ऑगस्ट १९७९ला जायंट्सच्या पिचरचा चेंडू लागून त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी तो बॅट घेऊन उभा राहिला, तीन वेळा पूर्ण ताकदीनं बॅट फिरवली आणि बाद होऊन परतला. त्यातली एक फेरी चाहत्यांसाठी, एक स्वतःसाठी आणि एक ज्याच्या चेंडूनं दुखापत झाली त्या पिचरला अपराधी वाटू नये म्हणून, असं त्यानं नंतर सांगितलं. १३ जून १९८७ला त्यानं लू गेरिगचा सलग २,१३० सामन्यांचा अमेरिकन विक्रम मागे टाकला. थांबला तेव्हा आकडा होता २,२१५. नऊ वर्षांनी कॅल रिपकन या अमेरिकन खेळाडूनं तो मोडला, तेव्हा किनुगासा अमेरिकेत जाऊन स्टेडियममध्ये बसला होता.

१९९१चं विजेतेपद दुःखाच्या सावलीत आलं. सरळ वेगवान चेंडूसाठी प्रसिद्ध असलेल्या त्सुदा त्सुनेमी या पिचरला हंगामाच्या सुरुवातीलाच मेंदूचा ट्यूमर निघाला. प्रशिक्षक झालेल्या यामामोतोच्या संघानं त्याच्यासाठी म्हणून लीग जिंकली. त्सुदा १९९३च्या जुलैत गेला, वय ३२.

त्याच वर्षी जपानी बेसबॉलमध्ये ठरावीक वर्षं खेळलेल्या खेळाडूला हवा तो संघ निवडण्याची मुभा मिळाली. खेळाडूंच्या बाजूनं पाहता हा न्याय्यच बदल होता, पण कार्पसाठी तो जीवघेणा ठरला. गरीब संघानं पोरं घडवायची आणि श्रीमंतांनी ती न्यायची. एतो अकिरा जायंट्सकडे गेला, कानेमोतो तोमोआकी हानशिनकडे. २००७च्या हंगामानंतर एकाच वेळी दोन घाव बसले: आराई ताकाहिरो हानशिनकडे गेला आणि पहिल्या क्रमांकाचा पिचर कुरोदा हिरोकी लॉस एंजेलिस डॉजर्सकडे. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये कार्पनं काढलेल्या अकादमीतून अल्फोन्सो सोरिआनोसारखा हिरा निघाला, पण तोही अमेरिकेतच चमकला. १९९८ ते २०१२ अशी सलग पंधरा वर्षं बी वर्गात गेली. एकेका वर्षाचं वेगळं वर्णन करावं असं त्यात फारसं काही नाही. पण २००४ साली जपानमध्ये संघांच्या विलीनीकरणाचं वारं सुटलं, तेव्हा हिरोशिमात पुन्हा पिंपं बाहेर आली, या वेळी नव्या स्टेडियमसाठी. रेल्वे स्थानकाजवळचं ते मोकळं, खऱ्या हिरवळीचं मैदान २००९च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. काही वर्षांत टोकियोहून लाल जर्सी घालून मुली सामने पाहायला येऊ लागल्या आणि २०१४ साली संघानं त्यांच्यातल्या काहींचं बुलेट ट्रेनचं भाडंही भरलं.

कुरोदा परत आला २०१५ साली. डॉजर्स आणि यांकीजकडून त्यानं ७९ सामने जिंकले होते. वय चाळीस. अमेरिकेत कितीतरी जास्त पैसे मिळत असताना अंगात ताकद आहे तोवरच कार्पकडे यायचं, हा शब्द त्यानं पाळला. त्याच वर्षी आराईही परतला. जाताना ज्याची जर्सी चाहत्यांनी रागानं फेकून दिली होती, त्याला पुन्हा त्याच मैदानावर टाळ्या मिळाल्या. १० सप्टेंबर २०१६, टोकियो डोम, समोर जायंट्स. कुरोदानं सुरुवात केली, कार्प ६-४नं जिंकले आणि पंचवीस वर्षांनी लीगचं विजेतेपद आलं. दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. हिरोशिमा भागात साठ टक्क्यांहून अधिक घरांत हाच सामना लागला होता. ८९ विजयांचा तो हंगाम संपल्यावर कुरोदानं खेळ थांबवला.

२०१७ आणि २०१८लाही लीग कार्पचीच. सलग तीन वर्षं, पूर्वी कधीही न झालेलं. अजिंक्यपद मात्र हुलकावणी देत राहिलं: २०१६ला निप्पॉन हॅम फायटर्स, २०१७ला सिरीजआधीच्या फेरीत योकोहामा, २०१८ला सॉफ्टबँक हॉक्स. मग नेहमीचंच चक्र. मारु योशिहिरो जायंट्सकडे गेला, सुझुकी सेइया शिकागो कब्जकडे, आणि संघ पुन्हा चौथा-पाचवा येऊ लागला.

२०२३ साली आराई प्रशिक्षक झाला आणि पहिल्याच वर्षी संघ दुसरा आला. २०२४ साली सप्टेंबरच्या तोंडाशी कार्प लीगमध्ये अव्वल होते. त्या महिन्यात त्यांनी वीस सामने गमावले, जिंकले पाच, आणि हंगाम चौथ्या क्रमांकावर संपला. २०२५ साली ते पाचवे आले. जपानच्या बारा संघांत अजिंक्यपदाला सर्वांत जास्त वर्षं झाली आहेत ती याच संघाला, १९८४पासून.